गेट पासचे पैसे भरले, आता रिफंडसाठी अजून मागायलेत. हे फ्रॉड आहे का? प्लीज लवकर सांगा

परभणीची_रेवा

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेच.

माझी पहिलीच नोकरी आहे, १ तारखेला हिंजवडीत जॉइन व्हायचंय आणि मी अजून परभणीतच आहे. दोन आठवडे झाले फोनवरच घर बघायलेय, मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण मिळून राहणार आहोत. वाकड, पिंपळे निलख, बाणेर कुठंही बघा, फर्निश्ड वन बीएचके म्हटलं की आमच्या बजेटच्या कितीतरी वर, आणि बजेटमधलं सापडलं की फोनवर पहिला प्रश्न हाच की बॅचलर मुली का, मग नाही चालणार. त्यात परवा एका साइटवर बाणेरचा फ्लॅट दिसला, फुल फर्निश्ड, भाडं १३,५००, डिपॉझिट फक्त २० हजार, ब्रोकरेज नाही. फोटो इतके छान होते की मैत्रीण म्हणाली लगेच फोन कर नाहीतर जाईल.

फोन केला तर माणूस एकदम सभ्य, हिंदीत बोलला, म्हणाला मी सीआयएसएफमध्ये आहे, पुणे एअरपोर्टला होतो, आता जम्मूला बदली झाली, घर रिकामं ठेवायचं नाही, मुली असतील तर उलट चांगलंच, घर स्वच्छ ठेवतात. त्याने स्वतःहून आधार कार्ड, युनिफॉर्ममधला फोटो, आयकार्ड सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मग माझं आधार, फोटो आणि ऑफर लेटर मागितलं, मी दिलं. म्हणाला फ्लॅट बघायचा असेल तर सोसायटीचा व्हिजिटर गेट पास काढावा लागतो, २,५०० रुपये, पूर्ण रिफंडेबल, भाड्यात वळते होतात. मी भरले. पैसे पाठवताना अॅपवर भलतंच नाव आलं, विचारलं तर म्हणे ते आमच्या सोसायटीच्या अकाउंटंटचं आहे.

अर्ध्या तासाने फोन आला की मॅडम तुमची एंट्री अर्धवट झाली, सिस्टीम कमीत कमी ६ हजार एका वेळी घेते, तुम्ही ६ हजार टाका, आधीचे २,५०० लगेच परत येतील. तेही टाकले. आता म्हणतोय अॅग्रीमेंट तयार झालंय, पहिल्या महिन्याचं भाडं १३,५०० भरलं की सगळा रिफंड एकदम सुटेल. माझा फोटो चिकटवलेलं, शिक्का मारलेलं अॅग्रीमेंटचं पीडीएफपण पाठवलंय. सकाळपासून अकरा वेळा फोन करायलाय. आवाज अजून पण गोडच आहे पण मला आता पोटात गोळा आल्यासारखं होतंय.

८,५०० गेले आहेत. पप्पांना सांगितलं नाही. हे खरं असू शकतं का? आणि नसेल तर आता काय करू? फोटो खाली टाकलेत.

---

सातारकर_मंदार

ताई, हे फ्रॉड आहे, शंभर टक्के. अजून एक रुपया पाठवू नको.

आणि पुढचं वाचायच्या आधी १९३० ला फोन लाव. सायबर फ्रॉडची सरकारी हेल्पलाइन आहे, लाइन बिझी लागते, पुन्हा पुन्हा लावायची. लागत नसेल तर तोवर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरायला घे, म्हणजे वेळ वाया जात नाही. जवळ काय काय ठेवायचं ते सांगतो: दोन्ही पेमेंटचे यूटीआर नंबर (यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की बारा आकडी नंबर दिसतो), तारीख-वेळ, तुझ्या बँकेचं नाव आणि खाते नंबर, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि ज्या नावाने पैसे गेले ते नाव, त्याचा मोबाइल नंबर. फोन ठेवायच्या आधी तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा.

एवढी घाई का, तर हे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पहिल्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, मग कुठल्यातरी एटीएममधून कॅश. वाटेत ज्या खात्यात असतील तिथे अडवले गेले तर वाचतात, कॅश निघाली की गेले. माझ्या आत्तेभावाचे ३८ हजार असेच घराच्या डिपॉझिटच्या नावाने गेले होते, आम्ही चाळीसेक मिनिटात फोन केला म्हणून २१ हजार दुसऱ्या खात्यात होल्ड झाले. ते हातात यायला कोर्टात अर्ज वगैरे करून सात महिने गेले पण आले.

परभणीत आहेस म्हणून पुण्याला जाऊन तक्रार करावी लागेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नको. जिथे आहेस तिथल्या पोलीस ठाण्यात देता येते. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक करणं आयटी कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

त्याला 'तू चोर आहेस' वगैरे काही बोलू नको, चॅट डिलीट करू नको, सगळे स्क्रीनशॉट आधी घे, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल कर, मग ब्लॉक कर. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नको, तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर टाकून बसलेले असतात, डेबिट कार्डच्या मागे असतो तोच लाव. आणि आता या धाग्यावरून किंवा दुसरीकडून कुणी मेसेज करेल की पैसे परत काढून देतो, थोडी फी लागेल, ती हीच जमात आहे.

पप्पांना सांग. आजच सांग.

---

झूम_करून_बघते

फोटो बघितले. रेवा, चार नंबरचा, बाल्कनीचा फोटो मोठा करून बघ. समोरच्या इमारतीच्या खाली दुकानाची पाटी आहे, अर्धी कुंडीमागे गेलीय, पण जी दिसतेय ती तेलुगूत आहे. बाणेरमध्ये एखादं दुकान तेलुगू पाटीचं असेलही, पण त्याच्या शेजारच्या दुकानाचीही पाटी तेलुगूतच आहे.

अजून एक. हॉलच्या खिडकीला काळ्या फ्रेमचं स्लायडिंग आहे आणि बेडरूमच्या खिडकीला लाकडी चौकट. फरश्याही वेगळ्या, हॉलमध्ये मोठी पांढरी टाइल, बेडरूममध्ये छोटी पिवळसर. हे एका घराचे फोटोच नाहीत, दोन-तीन घरांचे जोडलेत. मी हॉलचा फोटो गुगल लेन्समध्ये टाकला तर एका इंटिरियरवाल्याच्या पेजवर सापडला, तिथे हैदराबादचं काम म्हणून टाकलंय.

घर शोधताना हे मी नेहमी करते. प्रत्येक फोटो लेन्समध्ये टाकायचा, खिडकीतून बाहेर काय दिसतंय ते बघायचं आणि मग मालकाला सांगायचं की व्हिडिओ कॉलवर दाखवा, चालत चालत दाखवा, स्वयंपाकघराचा नळ सोडून दाखवा, बाल्कनीतून खाली गेट दाखवा. ज्याच्याकडे घर आहे तो दाखवतो, फार तर म्हणतो संध्याकाळी करतो. यांच्याकडे मात्र ठरलेलं असतं की कॅमेरा खराब आहे नाहीतर ड्युटीवर फोन अलाउड नाही.

---

परभणीची_रेवा

मंदार दादा, १९३० लागला, सहाव्यांदा. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. बँकेतपण कळवलं. पप्पांना सांगितलं, ते काहीच बोलले नाहीत आधी, मग म्हणाले चल पोलीस ठाण्यात, आता तिथूनच येतोय. हात अजून थरथरायलेत.

आणि हो, मी त्याला व्हिडिओ कॉल म्हटलं होतं, तेव्हा हेच म्हणाला होता, ड्युटीवर कॅमेरा अलाउड नाही. मला तेव्हा ते पटलं पण होतं.

माझं आधार त्याच्याकडे गेलंय त्याचं काय करू?

---

सोसायटीचे_काका

बाळा, मी पिंपळे सौदागरला एका सोसायटीत सहा वर्षं सेक्रेटरी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कुठलीही सोसायटी घर बघायला येणाऱ्याकडून पैसे घेत नाही. गेट पास, व्हिजिटर कार्ड, एंट्री फी, असलं काही नसतं. तू गेटवर येतेस, वॉचमन नाव आणि मोबाइल नंबर टाकतो, ज्या फ्लॅटमध्ये जायचंय तिथे इंटरकॉमवर किंवा अॅपवर विचारतो, त्यांनी हो म्हटलं की सोडतो. बस. आमच्या गेटवरच वर्षभरात चार मुलं अशी आली होती, हातात मोबाइलवर पास, त्यावर आमच्या सोसायटीचं नाव, क्यूआर कोड, सगळं छान छापलेलं. एक मुलगा बॅगा घेऊनच रिक्षातून उतरला होता. त्याला मी ऑफिसात बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की बाळा तो फ्लॅट नंबरच आमच्या बिल्डिंगमध्ये नाही, आमची बिल्डिंग सात मजली आहे आणि तुझ्या पासवर ११०४ लिहिलंय. तो चेहरा मी विसरलेलो नाही, म्हणून हे सगळं टाइप करतोय.

आता आधारचं. तुझं आधार पुढच्या मुलीला फसवायला वापरतील, 'बघा, माझ्या आधीच्या भाडेकरूचं कार्ड' म्हणून किंवा तुलाच मालकीण करून. म्हणून तक्रारीत स्पष्ट लिही की माझं आधार आणि फोटो यांच्याकडे गेलेत. आधारच्या साइटवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करून ठेव. यापुढे कुणालाही द्यायचं झालं तर मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि त्याने पाठवलेलं आयकार्ड, आधार खरं असेलही, पण ते त्याचं नसणार. बदलीवर असलेल्या कुठल्यातरी खऱ्या जवानाची कागदं यांच्या हाती लागतात आणि त्याचं नाव वर्षानुवर्षं असं फिरत राहतं. वर्दीवर आपला विश्वास असतो, त्याचाच हे फायदा घेतात.

आता घर खरं आहे की नाही ते कसं बघायचं. लोक म्हणतात प्रत्यक्ष जाऊन बघा. ते तर कराच, पण तेवढ्याने भागत नाही. आमच्या मागच्या सोसायटीत काय झालं ते ऐक. एकाने फ्लॅट आठवडाभरासाठी घेतला, पाहुण्यांसाठी म्हणून, आणि त्या आठवड्यात तोच मालक बनून रोज संध्याकाळी लोकांना दाखवला. किल्ली त्याच्याकडे, घर खरं, फर्निचर खरं, चहासुद्धा केला म्हणे. सात जणांकडून टोकन आणि डिपॉझिट घेतलं आणि रविवारी गायब. सोमवारी सकाळी दोन कुटुंबं टेम्पोसकट एकाच दारात उभी.

त्यामुळे किल्ली असणारा माणूस मालक असेलच असं धरून चालू नकोस, कागद बघ. लाइट बिल बघायचं महावितरणचं, त्यावर नाव असतं, पण कधीकधी जुन्या मालकाचं किंवा बिल्डरचंच राहिलेलं असतं, तेवढ्यावर घाबरू नको. महापालिकेची टॅक्सची पावती बघ. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलावर कोणाचं नाव आहे ते बघ, आणि सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सरळ विचार की अमुक फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, भाड्याने देतायत हे तुम्हाला माहीत आहे का. आम्ही सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लॉबीत पोस्टाच्या पेट्यांवर पण नावं असतात, जाता जाता वाचून घे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंडेक्स टू. घर विकत घेताना नोंदणी होते तेव्हा हा कागद निघतो, त्यात घेणाऱ्याचं नाव असतं. मालकाकडे मागायचा. नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या साइटवर स्वतः शोधताही येतो, जिल्हा, गाव, मिळकत नंबर टाकून, साइट जरा हळू चालते पण सापडतो.

इंडेक्स टू वरचं नाव, अॅग्रीमेंटवरचं नाव आणि पैसे पाठवताना अॅपवर येणारं बँकेतलं नाव ही तिन्ही एक असली पाहिजेत. तुझ्या बाबतीत तिसऱ्यालाच गाडी अडली होती. 'अकाउंटंटचं खातं' म्हटल्यावर तिथेच फोन ठेवायचा. मालक म्हातारे असतील आणि मुलगा बघत असेल तर हरकत नाही, पण पैसे मालकाच्याच खात्यात.

अॅग्रीमेंटचं सांगतो. त्याने जे पीडीएफ पाठवलं ते कागदाचा तुकडा आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नाही. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, एजंट मशीन घेऊन घरी येतो, मालकाचा अंगठा, तुझा अंगठा, दोन साक्षीदार, आधारवरून पडताळणी. खर्चही फार नाही, पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या व्याजावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वर एजंटचे काय ते. खोटा मालक कागद पाहिजे तेवढे पाठवेल, पण अंगठा लावायला समोर येत नाही. म्हणून म्हणतो, टोकन द्यायचंच झालं तर अगदी थोडं द्या, आणि डिपॉझिट अंगठे झाल्यावर, त्याच बैठकीत.

---

गौरी_डोंबिवली

काका +१. इंडेक्स टू चं आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर आज आईचे पैसे वाचले असते, म्हणून मुंबईकडचा एक प्रकार लिहिते, पुण्यातल्या लोकांना तो फारसा माहीत नसतो.

आमच्याकडे हेवी डिपॉझिट म्हणून चालतं. म्हणजे महिन्याला भाडं द्यायचं नाही किंवा अगदी नाममात्र, त्याऐवजी एकदम मोठी रक्कम डिपॉझिट ठेवायची आणि घर सोडताना ती पूर्ण परत. रिटायर माणसांना हे फार आवडतं कारण दर महिन्याची कटकट नाही. बाबा गेल्यावर आईने त्यांच्या फंडातले ८ लाख असे ठेवले, ठाण्यात वन बीएचके घेतला, एजंट ओळखीतला, घर स्वतः जाऊन बघितलं, शेजाऱ्यांशी बोललो, स्टॅम्पपेपरवर करार झाला. सगळं नीट होतं. पाचव्या महिन्यात एक गृहस्थ दारात आले आणि म्हणाले मी या घराचा मालक, तीन महिने झाले भाडं का दिलं नाही. तेव्हा कळलं की एजंटने हे घर मालकाकडून साध्या महिन्याच्या भाड्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि आम्हाला मालकाच्या नावाने कुणी तरी दुसराच माणूस उभा करून हेवीवर दिलं होतं, पहिले दोन महिने त्याने खिशातून भाडं भरलं आणि मग फोन बंद, अशी अकरा घरं त्याने केली होती असं नंतर पोलीस ठाण्यात समजलं, तिथे बाहेरच्या बाकावर सगळे आमच्यासारखेच बसलेले, एक आजोबा तर ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन आले होते.

मालकांचीही चूक नव्हती, त्यांनी आईला दोन महिने राहू दिलं, भाडं मागितलं नाही, त्यांचे उपकारच. पण ८ लाख गेले ते गेले. केस चालू आहे.

तर ताई, घर बघितलं, शेजारी भेटले, एजंट ओळखीचा आहे, यातलं काहीही मालकी दाखवत नाही. खऱ्या मालकाला डोळ्यांनी बघा आणि त्यांच्या नावाचा सरकारी कागद बघा. एजंट मध्ये असेल तर त्याला ब्रोकरेज द्या, डिपॉझिट त्याच्या हातात अजिबात देऊ नका.

---

नाशिकची_मावशी

हे उलटंही होतं बरं का, घर देणाऱ्यांबाबत. आमचा इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता म्हणून मुलाने साइटवर टाकला. तासाभरात फोन, मी मेजर आहे, देवळालीला पोस्टिंग आलंय, घर बघायची पण गरज नाही, फोटो आवडले, तीन महिन्यांचं डिपॉझिट आत्ता टाकतो. मी हुरळून गेले. मग म्हणाला आमच्या खात्यातून पैसे वेगळ्या पद्धतीने येतात, मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, आधी १ रुपया टाकून बघा, मी २ परत करतो. आणि खरंच २ रुपये आले. दुसरा क्यूआर आला, त्यावर १५,००० आणि खाली लिहिलेलं 'रिसीव्ह'. मी पिन टाकला आणि माझ्या खात्यातून १५ हजार गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. 'रिसीव्ह' हे त्याने फोटोवर लिहिलेलं होतं, माझ्या अॅपवर 'पे' असंच होतं, पण मी बघितलं कुठे, तो फोनवर सतत बोलत होता, मॅडम लवकर, मॅडम साहेब लाइनवर आहेत. आता कुणी पैशाचं बोलताना फोन कट करू देत नसेल तर मी आधी फोन कट करते.

रेवा, तू लहान आहेस, मी ५८ वर्षांची, बँकेत तीस वर्षं नोकरी केलेली. स्वतःला बोल लावत बसू नको.

---

म्युनिकहून

इथेही हेच, फक्त भाषा वेगळी. दर वर्षी सप्टेंबरमध्ये शिकायला येणारी मराठी मुलं यात अडकतात कारण भारतात बसून घर ठरवावं लागतं. इथल्या गोष्टीत मालक डॉक्टर नाहीतर इंजिनिअर असतो, लंडनला किंवा माद्रिदला गेलेला, म्हणतो किल्ली कुरियरने पाठवतो, पैसे एका नावाजलेल्या बुकिंग साइटवर ठेवू, आवडलं नाही तर परत. आणि जी लिंक पाठवतो ती त्या साइटसारखी दिसणारी खोटी साइट असते.

जर्मनीत कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. म्हणजे घर न बघता आधी सगळं पाठवा असं कुणी म्हणत असेल तर तिथेच थांबा. इथल्या मराठी ग्रुपवर लिहा, कुणीतरी जवळपासचं शनिवारी जाऊन घर बघून येतं, मी स्वतः दोनदा गेलोय, एकदा तर त्या पत्त्यावर दातांचा दवाखाना होता. नाहीतर पहिले तीन-चार आठवडे विद्यार्थी वसतिगृह किंवा हॉस्टेलमध्ये काढा आणि इथे येऊन शोधा.

---

सातारकर_मंदार

शेवटचं वाक्य पुण्यालापण लागू आहे. रेवा, १ तारखेच्या आत घर मिळालंच पाहिजे असं काही नाही. पहिले पंधरा दिवस पीजीत राहा, महिन्याचं नको म्हण, पंधरा दिवसांचं देतात, आणि रोज संध्याकाळी दोन-दोन घरं बघ. 'आज ठरवा, अजून तिघे लाइनमध्ये आहेत' हे तुला चालत नाही म्हटल्यावर यांच्याकडे बोलायला काही उरत नाही.

---

परभणीची_रेवा

सगळ्यांना उशिरा कळवतेय, सॉरी, तीन आठवडे झाले.

आधी पैशांचं. ६ हजार होल्ड झालेत, बँकेने मेसेज केला. २,५०० आधीच काढले गेले होते. होल्डचे कधी मिळतील माहीत नाही, पोलीस ठाण्यात जबाब दिलाय, पुढचं कोर्टातून होईल म्हणाले.

मी आणि पप्पा रात्रीच्या गाडीने पुण्याला आलो, चिंचवडला आत्याकडे उतरलो. पप्पा चार दिवस माझ्यासोबत उन्हात फिरले, एकदाही बोलले नाहीत की तू असं का केलं. पाचव्या दिवशी वाकडला एक फ्लॅट मिळाला. फर्निचर नाही, फक्त पंखे आणि किचनचा ओटा, १८ हजार, दोघीत ९-९. मालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. काका, मी तुमचा प्रतिसाद फोनवर उघडून समोर धरूनच सगळं मागितलं, लाइट बिल, टॅक्सची पावती, इंडेक्स टू. मला भीती वाटत होती की त्यांना राग येईल. त्या उठल्या, कपाटातून प्लास्टिकची निळी फाइल आणली आणि माझ्यासमोर ठेवली, म्हणाल्या बघ सावकाश, मी पोहे टाकते. लाइट बिल त्यांच्या वारलेल्या मिस्टरांच्या नावावर होतं, इंडेक्स टू वर दोघांची नावं होती. मग एजंट मशीन घेऊन आला, त्यांचा अंगठा दोनदा उठला नाही, हात पुसून तिसऱ्यांदा लावला. त्यानंतर मी डिपॉझिट पाठवलं, अॅपवर त्यांचंच नाव आलं, ते मी पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मगच पिन टाकला.

आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं होतं, नोंदणीच्या दिवशी तात्पुरतं उघडावं लागलं, हे ज्यांनी लॉक केलं असेल त्यांनी लक्षात ठेवा नाहीतर अंगठाच चालत नाही.

आणि अजून एक, त्यासाठीच आज खास लॉगिन केलं. काल मैत्रिणीच्या भावासाठी नाशिकला घर बघत होतो, गंगापूर रोडला वन बीएचके, फुल फर्निश्ड, ११,५००, मालकाची बदली झालीय. चौथा फोटो बाल्कनीचा. कुंडी तीच आहे आणि मागे ती तेलुगू पाटी पण तीच. नाव वेगळं, नंबर वेगळा. मी साइटवर रिपोर्ट केलंय आणि तक्रार नंबरासोबत पोलिसांनापण पाठवलंय, अजून जाहिरात काढलेली नाही. मावशी, तुम्ही नाशिकच्या आहात, तुमच्या तिकडच्या ग्रुपवर हे फोटो टाकाल का? वर पहिल्या पोस्टमध्ये चारही आहेत.